कापसातला परका तंतू : एका दोषारोपाचा इतिहास

कापसाच्या गाठीत कापूस नसलेले जे जे सापडते, त्याला आजच्या व्यापाराच्या भाषेत 'कंटॅमिनेशन' म्हणतात. त्यातला जो भाग धाग्याच्या रूपात असतो, त्याला 'फॉरेन फायबर', म्हणजे परका तंतू, असे नाव आहे. खताच्या पोत्याचा प्लास्टिकचा दोरा, सुतळीची कुसळे, रंगीत कापडाच्या चिंध्या, कोंबडीची पिसे आणि माणसाचा केस अशी ही यादी आहे. पाने-काड्या यंत्राने बऱ्याच अंशी झडतात. परका तंतू मात्र झडत नाही. तो रुईबरोबर पिंजला जातो, त्याचे तुकडे होतात, ते सुतात कातले जातात आणि कापडात विणले जातात. कापड रंगवले की कापूस रंग घेतो, प्लास्टिक घेत नाही. मग अख्ख्या ताग्यावर पांढरे ठिपके उठतात आणि तागा नाकारला जातो. म्हणून सूतगिरण्यांत रुई निवडायला माणसे बसवावी लागतात, किंवा सुतातला दोष हुडकून तोडणारी महागडी यंत्रे घ्यावी लागतात. आंतरराष्ट्रीय वस्त्रोद्योग संघटनेच्या पाहण्यांत भारतातला कापूस वर्षानुवर्षे जगातल्या अधिक दूषित कापसांत मोडत आला आहे. ही गोष्ट खोटी नाही, आणि ती खोटी आहे असे म्हणण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही.

मला थांबवले ते त्या यादीतल्या शेवटच्या शब्दाने. माणसाचा केस. हा केस कोणाचा? जिनच्या मालकाचा नाही, गिरणीच्या मॅनेजरचा नाही. तो आमच्या वरणगावसारख्या गावांच्या वस्तीतून सकाळी फडके बांधून शेतात जाणाऱ्या बाईचा आहे. जे पीक तिने निंदले, खुरपले, बोंडाबोंडातून काढले, त्याच पिकात तिच्या डोक्यावरचा केस 'परका' ठरतो. तांत्रिक दृष्ट्या हा शब्द बरोबरही असेल. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला पाहिजे की, कापसाच्या सफाईची ही चिंता केव्हा सुरू झाली, ती कोणाला पडली होती, आणि दोष शोधीत जाणारे बोट दर वेळी कोणाकडे वळत गेले. खानदेशच्या कापसावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात शेठ आहेत, कलेक्टर आहेत, रेल्वे आहे, गिरण्या आहेत. वेचणारा हात नाही.

हा प्रश्न प्लास्टिकपेक्षा खूप जुना आहे. मुंबई इलाख्यात कापसातील भेसळीला शिक्षा सांगणारे पहिले रेग्युलेशन १८२९ सालचे. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम अकरा वर्षे झाली होती आणि कंपनी सरकारला कापसातल्या मातीची काळजी लागली होती. पश्चिम हिंदुस्थानातला कापूस तेव्हा इंग्लंडच्या बाजारात 'सुरत' या एकाच नावाने विकला जाई, आणि हे नाव तिकडे हलक्या मालाचे नाव बनले होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना याच 'सुरत'वर दिवस काढावे लागले. तिथल्या कामगारांची एक गोष्ट सांगतात. देवा, कापूस पाठव, पण सुरती पाठवू नकोस, अशी ते प्रार्थना करीत. तुटणाऱ्या आखूड धाग्यामुळे त्यांची मजुरी बुडत होती. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तो राग कोणापर्यंत पोचवला गेला, हे पाहण्याचे आहे.

१८६३ साली मुंबई सरकारने 'कॉटन फ्रॉड्स ॲक्ट' केला. इन्स्पेक्टर नेमले, प्रेसना परवाने लावले, गाठीवर खूण करण्याची सक्ती केली. पुढे १८७८ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. व्यापाऱ्यांना हे कायदे कधीच रुचले नाहीत, आणि ते फार काळ टिकलेही नाहीत. भेसळ कशी होत असे? कापसावर पाणी मारून वजन वाढवीत. सरकी, माती, मीठ घालीत. आखूड धाग्याचा हलका कापूस लांब धाग्याच्या चांगल्या कापसात मिसळीत. यांतले प्रत्येक काम करायला कापूस आधी ताब्यात असावा लागतो, साठवायला जागा लागते आणि विकून नफा मिळण्याची शाश्वती लागते. ज्या बाईचा संबंध कापूस मालकाच्या खळ्यावर टाकताच संपतो, तिला पाणी मारून काय मिळणार होते? त्या काळच्या सरकारी लिखाणात मात्र 'नेटिव्हांची अप्रामाणिकता' असा सरसकट शब्द येतो. अडत्या, दलाल, कुणबी, महार या सगळ्यांना त्याने एकाच पोत्यात भरले. सरकारी अधिकाऱ्याच्या लेखी एरवी जात फार महत्त्वाची असे. कापसातल्या भेसळीचा दोष वाटताना तेवढी ती विसरली जाई.

याच दशकात खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी इथल्या हलक्या वऱ्हाडी कापसाच्या जागी हिंगणघाटचे बियाणे पसरवण्याचा धडाका लावला. रेल्वे भुसावळला आली आणि १८६७ पर्यंत वरणगाव-मलकापूरवरून नागपूरला पोचली. रेल्वेमागून वाफेचे जिन आणि प्रेस आले. तोपर्यंत सरकी वेगळी करण्याचे काम घराघरांत रेच्यावर होई, आणि ते बहुतांशी बायकांचे काम होते. रेचा मागे पडला आणि त्या बाया जिनच्या दाराशी उभ्या राहिल्या. आमच्या घरी रेच्याची आठवण माझ्या आजीच्या आजीपासून आलेली आहे. तीही इतकीच की, 'सरकी आपल्या घरात राह्यची.' सरकी घरात राहणे म्हणजे ढोराला चारा आणि चुलीला आधार. जिन आला आणि सरकीही गेली.

जिनमध्ये काय चालत असे, याची एक सरकारी नोंद उपलब्ध आहे, आणि ती नेमकी आपल्या खानदेशची आहे. मुंबई सरकारने १८८४ साली नेमलेल्या कारखाना कमिशनपुढे इथल्या जिनिंग-प्रेसिंगच्या व्यवस्थापनातील माणसांनी साक्षी दिल्या. त्यांच्या सांगण्याचा आशय असा : काम पहाटे चार-पाचला सुरू होते आणि रात्रीपर्यंत चालते. मार्च-एप्रिलच्या ऐन हंगामात जिन रात्रंदिवस चालतात, आणि तीच ती माणसे सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस कामावर असतात. यंत्रावर काम करणाऱ्या बहुतेक बायका असतात. हे सांगणारे कामगारांचे कैवारी नव्हते, कारखाने चालवणारे होते. त्यात लपवण्यासारखे काही आहे, असेच त्यांना वाटले नसावे.

आता दोन सालांकडे एकत्र पाहा. १८६३ साली गाठीतली घाण शोधायला इन्स्पेक्टर होता. १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला, तेव्हा वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे कारखाने त्यातून वगळले गेले. जिनचा धंदा हंगामी. म्हणजे रुईच्या अंगावरचा डाग सरकारला अठरा वर्षे आधी दिसला, आणि आठ रात्री जागलेली बाई १८८१ च्या कायद्यालाही दिसली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या मागण्या. सत्यशोधक चळवळीतल्या या माणसाचा वारसा आपण मुंबईच्या गिरणगावाशी जोडतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच कमिशनच्या कागदांत खानदेशच्या जिनमधली बाई आहे, आणि तिच्या बाजूने सह्या गोळा करणारे कोणी नव्हते, हेही नोंदले पाहिजे.

विसाव्या शतकात कायद्याची पुढची फेरी आली. १९१७ साली मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली गेली, १९१९ साली तिचा अहवाल आला. त्यातून इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी, १९२३ चा कापूस वाहतुकीचा कायदा, १९२४ साली मुंबईत माटुंग्याची प्रयोगशाळा (आजची सिरकॉट) आणि १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा या गोष्टी निघाल्या. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक सक्तीचा केला, रजिस्टरे ठेवायला लावली. या कायद्यांनी कापूस सुधारला, हे मान्य केले पाहिजे. एका भागाचा हलका कापूस दुसऱ्या भागाच्या चांगल्या कापसात मिसळण्याला आळा बसला. गाठ दूषित निघाली तर ती कोणत्या प्रेसची, हे सांगता येऊ लागले. प्रेसच्या फाटकापर्यंत माग लागला. फाटकाच्या अलीकडे, शेताच्या बाजूला, माग लावण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण तिथे कोणाला काही द्यायचे नव्हते.

कापसाच्या शुद्धतेची गोष्ट सांगताना विटाळाची गोष्ट टाळता येत नाही. वेचताना, वाहताना, जिनमध्ये पसरताना दलितांचा हात कापसाला चालत होता. मुंबईच्या गिरण्यांत पिंजण-कताईच्या खात्यांतही चालत होता. विणकामाच्या खात्यात, जिथे पगार जास्त होता, तिथे मात्र अस्पृश्याला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीचे सूत सवर्ण विणकराला कसे चालणार! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला, आणि संप चालवणाऱ्या कमिटीला ही मागणी आपल्या यादीत घ्यावी लागली. घेतली ती नाखुशीने. ज्या सुताचा कापूस हजारो दलित बायांच्या ओटीतून आला होता, ते सूत शेवटच्या टप्प्यावर दलिताच्या ओठाने बाटत होते. यंत्रशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात या 'कंटॅमिनेशन'ची नोंद नाही. परक्या तंतूच्या यादीशी तिचा थेट संबंध आहे, असा माझा दावा नाही. पण दूषित म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे या प्रसंगाइतके स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसले नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली. व्यापारी गेला, फेडरेशन आले, आणि प्रतवारी करणारा ग्रेडर हा गावाच्या बोलण्यातला एक मोठा माणूस झाला. शेतकऱ्याला भावाची हमी मिळाली, ही त्या योजनेची मोठी बाजू. पण हमी कापसाला होती, वेचणीला नव्हती. ग्रेडरने प्रत खाली टाकली की मालक घरी येऊन वेचणाऱ्या बायांवर ओरडे. प्रत वर लागली तर त्या दिवशी तो काही बोलत नसे.

याच सुमारास एक वस्तू शेतात शिरली, ती म्हणजे खताचे प्लास्टिकचे विणलेले पोते. त्याआधी ताग होता, आणि सुतळीची कुसळेही रुईत जातच होती. परंतु तागाचा धागा निदान डोळ्याला दिसतो. प्लास्टिकचा पांढरा दोरा पांढऱ्या कापसात दिसत नाही. उन्हाने पोते जून झाले की त्याच्या कडा सुटतात आणि पोते आपटून रिकामे केले की दोरे कापसात मिसळतात. मी शाळेत असताना सुट्टीत आईबरोबर वेचणीला जात असे. कंबरेला ओटी बांधायची, ती भरली की धुऱ्यावरच्या पोत्यात ओतायची. पोते मालकाचे. त्यावर खताच्या कंपनीचे नाव आणि हिरवे पान छापलेले असे. कापडी झोळी मागितली तर ती कोणाकडेच नसे. आज सूतगिरणीवाले प्लास्टिकचा दोरा धरून दाखवतात आणि वेचणारी अडाणी आहे म्हणतात. ते पोते तिने विणले नाही, विकत आणले नाही, शेतावर आणून ठेवले नाही.

वेचणीचे तंत्रही समजून घेतले पाहिजे. सकाळचे दव उडाल्यावर वेचावे, खालच्या बोंडापासून वर जावे म्हणजे वरचा पाला खालच्या फुटलेल्या कापसात पडत नाही, कवडी कापूस वेगळा ठेवावा, अशा सूचना कृषी खाते देते. त्या अगदी योग्य आहेत. आईला त्या सांगितल्या तेव्हा ती म्हणाली, हे मले लहानपणापासून माहीत आहे. मग तिने विचारले, "किलोचे पैसे मले भेटतात. सफाईचे कोनाले भेटतात?" इतिहासाच्या एम.ए.ला बसण्यापूर्वी मला या प्रश्नाचे महत्त्व कळले नव्हते. वेचणीची मजुरी वजनावर आहे. दव असलेला कापूस जड भरतो. पाल्याचेही वजन होते. बोंडाला चिकटलेली वाळकी पाती एकेक करून काढायची तर दिवसाची वेचणी कमी भरते. म्हणजे जी बाई कापूस स्वच्छ ठेवील तिची मजुरी त्या दिवशी कमी होईल. दंडच तो. ही व्यवस्था ज्यांनी ठरवली त्यांनी वेचणारीला अस्वच्छ म्हणावे, याला काय म्हणायचे!

केसांबद्दलही थोडे. वेचताना डोक्याला सुती कापड बांधा, म्हणजे केस गळून पडणार नाहीत, ही सूचना सगळीकडे असते. आमच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर पदर घेऊनच शेतात जातात. पण हा पदर सुती राहिलेला नाही. नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त झाल्या, टिकाऊ निघाल्या, आणि वस्तीतून सुती लुगडे हळूहळू गेले. काटेरी काडीला अडकून या साडीचे रंगीत धागे निघतात आणि ओटीतल्या कापसात जातात. तेही परके तंतूच. कापूस वेचणाऱ्या बाईला कापसाचे लुगडे परवडत नाही. हे वाक्य मी वर्गात उच्चारले तेव्हा मागच्या बाकावरचे काही विद्यार्थी हसले. पुढच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केले. त्याचे चार भाग होते : संशोधन, शेतकऱ्यांपर्यंत प्रसार, बाजार समित्यांच्या आवारांची सुधारणा, आणि जिनिंग-प्रेसिंगचे आधुनिकीकरण. शेवटच्या दोन भागांचे काम डोळ्यांना दिसते. जिनच्या आवारात माती होती तिथे फरशी आली. डोक्यावरच्या टोपल्या जाऊन पट्टे आणि हवेचे नळ आले. गाठीला तागाच्या बारदानाऐवजी सुती कापड गुंडाळले जाऊ लागले. माझ्या मते दोषारोपाच्या या लांबलचक इतिहासात मिशनची ही एक वेगळी नोंद केली पाहिजे. घाण हातात नसून जमिनीत, छपरात, पोत्यात आणि वाहतुकीत आहे, हे पैसे खर्चून मान्य करण्याचा तो प्रसंग होता. त्याची दुसरी बाजू अशी की, टोपल्या वाहणाऱ्या बायांचे काम गेले. त्यांना दुसरे काय मिळाले, याचा हिशेब मिशनच्या चार भागांपैकी एकाकडेही नव्हता.

आता २०२० पासून 'कस्तुरी' या नावाने भारतीय कापसाची ओळख जगात उभी करण्याचा प्रयत्न चालू आहे. गाठीवर क्यूआर कोड लागतो आणि खरेदीदाराला तिचा माग जिनपर्यंत पाहता येतो. १८६३ ची खूण, १९२५ चा अनुक्रमांक आणि हा कोड एकापुढे एक ठेवून पाहा. तंत्र कुठल्या कुठे गेले. माग अजून फाटकाशीच थांबतो. स्वच्छ गाठीला चढा दर मिळालाच, तर तो गिरणीकडून जिनकडे येईल, जिनकडून कदाचित शेतकऱ्याकडे येईल. कोरडवाहू शेतकरीही काही गबर नाही, हे मी जाणते. बोंडअळी आणि कर्ज यांच्यात तोही पिचलेला आहे. पण दूषित मालाची कपात गिरणीपासून निघते आणि पायरी पायरी उतरत वेचणाऱ्या बाईच्या अंगावर येऊन पडते. स्वच्छ मालाचा चढा दर ती शेवटची पायरी उतरत नाही.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, हा गिरणीवाल्यांचा प्रश्न आहे, आपण कशाला डोके घालायचे? मला तसे वाटत नाही. कापूस स्वच्छ ठेवणे हे काम आहे. त्याला वेळ लागतो, नजर लागते, अनुभव लागतो. जे काम आहे त्याची मजुरी असते. वेचणीचा दर ठरताना वजनाबरोबर सफाईचा वेगळा दर बोलून घ्यावा, कापडी झोळ्या मालकाने किंवा जिनने पुरवाव्यात, जिथे मालक तयार असेल तिथे पहिल्या दोन वेचण्या रोजंदारीवर कराव्यात. या मागण्या शेतमजूर बायांच्या आहेत, आणि गिरणीचेही हित त्यांतच आहे. आजवरच्या कायद्यांनी, कमिट्यांनी आणि मिशनांनी बाकी सगळे उपाय करून पाहिले, वेचणारीला सफाईचे पैसे देण्याचा तेवढा राहिला. फरदडीच्या शेवटच्या कापसाला हे लागू करता येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तिथे मजुरीच जेमतेम सुटते.

यंदाच्या हंगामात मी बी.ए.च्या विद्यार्थ्यांना एक काम दिले आहे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा वस्तीतल्या वेचणाऱ्या बाईला विचारून लिहायचे : तुम्ही वेचायला लागलात तेव्हा मजुरी कापसात मिळे की पैशात, किती मिळे, कापूस कशात भरत, डोक्याला काय बांधत, आणि कापूस खराब निघाला तर कोण काय बोलत असे. वरणगाव, बोदवड, मुक्ताईनगर या भागांतल्या वह्या येऊ लागल्या आहेत. बहुतेक बायांनी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी आणि सर्वांत लांब दिले आहे. दरांचे आकडे जुळवून पाहण्याचे काम अजून चालू आहे. ज्या वाचकांच्या आई-आज्यांना आपल्या भागातल्या वेचणीचे जुने दर आठवत असतील, त्यांनी ते गाव आणि अंदाजे साल घालून लिहून ठेवावेत.